फुटलेल्या आवाजाचं काय करायचं? केशवराव भोसले आणि मराठी रंगभूमीवरचा पुरुषाचा सूर

लाइट गेली आहे आणि ती तासाभरात येईल अशी आशा महाडात श्रावणात कोणी करत नाही, तेव्हा आज माइकशिवाय. मागच्या रांगांतल्यांनी कृपया पुढे सरकावं. रेकॉर्डिंग एका मोबाइलवर चालू आहे, त्यामुळे जे पुढे ऐकणार आहेत त्यांना पत्र्यावरचा पाऊसही ऐकावा लागेल. त्याला इलाज नाही. पण आजच्या विषयाला हे बरंच आहे, कारण विषयच असा आहे की माइक नसताना माणसाचा आवाज कुठपर्यंत जायचा, आणि जाणाऱ्या आवाजाची किंमत कोण ठरवायचं.

विषय कसा निघाला ते सांगतो. मागच्या व्याख्यानात आपण कवींद्र परमानंदांबद्दल बोललो. त्यांची समाधी पोलादपूरला आहे, म्हणून पोलादपूरची बरीच मंडळी त्या दिवशी आली होती. व्याख्यान संपल्यावर एक मुलगा जवळ आला. नववी-दहावीतला असेल. हातात मोबाइल, त्यावर एक माणूस सुटाबुटात उभा राहून परक्या भाषेत गातोय. ते ऑस्कर कॅस्टेलिनो होते, मुंबईचे, लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये शिकलेले ऑपेरा गायक. मुलानं विचारलं, "सर, इथे याला बॅरिटोन लिहिलंय. बॅरिटोन म्हणजे काय? आणि आपल्याकडे असतो का?"

आम्ही म्हटलं, "तुला कशाला हवाय रे?" तर म्हणाला, "मी भजनात चाल सांगायचो. गेल्या वर्षी आवाज फुटला. बुवा म्हणाले, आता राहू दे."

आता खरं सांगायचं तर आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. संगीतशास्त्र आमचा प्रांत नव्हे. त्या मुलाला "पुढच्या वेळी सांगतो" म्हटलं आणि सुटका करून घेतली. पण घरी गेल्यावर झोप लागेना, कारण हाच संवाद आमच्या वाट्याला साठ वर्षांपूर्वी येऊन गेला होता. तेव्हा आम्ही पोलादपूरला शिकत होतो. शाळेच्या प्रार्थनेत आणि गणपतीच्या आरत्यांत पुढे उभे असायचो. एके दिवशी वरचा सूर लावायला गेलो आणि घशातून कोंबडा आरवावा तसं काहीतरी बाहेर पडलं. सगळे हसले, आम्हीही हसलो. एका गुरुजींनी, त्यांचं नाव नको, आता ते हयातही नाहीत, बाजूला घेऊन सांगितलं, "तू नुसते ओठ हलव." तेव्हापासून आम्ही ओठच हलवतो आहोत. लग्नात, आरतीत, राष्ट्रगीताला. तेव्हा आजचं व्याख्यान हे त्या मुलाला उशिरा दिलेलं उत्तर आहे असं समजा.

आधी शब्द. बॅरिटोन हा मूळ ग्रीक शब्द, अर्थ जड किंवा खोल सुराचा. पाश्चात्त्य संगीतात पुरुषाच्या आवाजाचे ढोबळ तीन वर्ग करतात. वरचा तो टेनर, खालचा बास आणि या दोहोंमधला बॅरिटोन. बहुसंख्य पुरुषांचा आवाज निसर्गतः या मधल्या पट्ट्यातच पडतो, म्हणजे बाजारात उभं राहून "ओ काका" अशी हाक मारणारा दहातला बहुतेक जण बॅरिटोनच असतो, फक्त त्याला ते माहीत नसतं. गंमत अशी की एवढ्या सामान्य आवाजाला ऑपेरात स्वतंत्र मान मिळायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. त्याआधी इटलीत काय चालायचं? ज्या मुलाचा आवाज गोड, त्याचा आवाज फुटूच नये म्हणून लहानपणी त्याच्यावर शस्त्रक्रिया करत. शरीर पुरुषाचं, गळा मुलाचा. अशा गायकांवर सतराव्या-अठराव्या शतकात सारा युरोप वेडा झाला होता. आवाज फुटणं ही आपत्ती समजून ती चाकूनं टाळायची, अशी ती रीत. कितीतरी मुलांची आयुष्यं त्यात गेली आणि त्यांतल्या फार थोड्यांना रंगमंच मिळाला.

मग व्हेर्दी नावाचा संगीतकार आला. १८४२ साली 'नबुक्को', १८४७ साली 'मॅकबेथ', १८५१ साली 'रिगोलेत्तो'. या तिन्ही ऑपेरांत मध्यवर्ती भूमिका बॅरिटोनची आहे. 'रिगोलेत्तो'मध्ये नायक कोण? कुबड असलेला, दरबारात विदूषकी करणारा एक बाप, जो आपल्या मुलीला जगापासून लपवून ठेवतो. प्रेमगीतं गाणारा तरुण सरदार टेनर आहे, पण नाटक बापाचं आहे. व्हेर्दीनं फुटलेल्या, पिकलेल्या, वय दिसणाऱ्या आवाजाला काम दिलं. राजा, बाप, सूड घेणारा, पस्तावणारा. आणि हा आवाज पिकायला वेळ लागतो. ऑपेरात तिशीतल्या बॅरिटोनला 'उगवता' म्हणतात, हे वाक्य लक्षात ठेवा. आपण याच्याकडे परत येणार आहोत.

आता आपल्याकडे. आपल्या शास्त्रात खालचा सूर हलका मानलेला नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवानं 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात नादाची तीन स्थानं सांगितली आहेत: हृदयात मंद्र, कंठात मध्य आणि मस्तकात तार. आणखी एक फार सुंदर संज्ञा त्यात येते, 'शारीर'. रियाज न करताही राग प्रकट करण्याची आवाजाची जी उपजत शक्ती, ती शारीर. ती शरीराबरोबर जन्मते, म्हणून तिचं नाव शारीर. आम्ही तत्त्वज्ञानाचे, त्यामुळे इथे थोडं घुटमळतो. शरीराबरोबर जन्मलेला आवाज शरीराबरोबर बदलणारच. पोराला मिसरूड फुटते, कंठमणी वर येतो, स्वरतंतू लांब होतात आणि आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो. यात 'बिघडलं' काय? मिसरूड फुटली म्हणून कोणी पोराला "आता तोंड दाखवू नकोस" म्हणतं का?

पण रंगभूमीवर, भजनात, शाहिरीत आपण तेच म्हणत आलो. कारण शास्त्रात नाही, व्यवहारात आहे. माइक नाही, उघडा मांडव किंवा पत्र्याचं थिएटर, समोर हजारभर माणसं. आत्ता आमची जी दशा चालली आहे तीच. अशा ठिकाणी उंच पट्टीतला टोकदार आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचतो. खालचा आवाज पहिल्या चार रांगांत विरून जातो. तुमच्याकडे जाखडीच्या नाचात, शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात शाहीर वरच्या पट्टीत का गातो? या डोंगरातून त्या डोंगराला ऐकू जायला हवं म्हणून. पाश्चात्त्यांनी खालचा आवाज दूरवर फेकण्याचं एक वेगळं तंत्र शोधून वर्षानुवर्षं शिकवलं. आपण उंच पट्टीवर भागवलं.

त्यात दुसरी गोष्ट मिळाली. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं आणि संगीत नाटकाचं युग सुरू झालं. बायकांनी रंगभूमीवर येणं शिष्टसंमत नव्हतं. म्हणून शकुंतला, सुभद्रा, वसंतसेना या सगळ्या मुलांनी किंवा तरुण पुरुषांनी करायच्या. अर्थात नाटक मंडळीला हवी असायची कोवळ्या गळ्याची पोरं. भाऊराव कोल्हटकर, म्हणजे लोकांचे लाडके भावड्या, बडोद्याहून किर्लोस्करांकडे आले ते त्या गळ्याच्या जोरावर. शेवटच्या वर्षांत ते पुरुष भूमिकांकडे वळले. देवलांच्या 'शारदे'त त्यांनी कोदंड केला. १९०१ साली ते गेले तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. ग्रामोफोन कंपनीची माणसं हिंदुस्थानात ध्वनिमुद्रण करायला आली १९०२ साली. दीड-पावणेदोन वर्षांनी चुकलं. भाऊरावांचा आवाज कसा होता हे आता फक्त कागदावर उरलं आहे.

आता आमच्या मूळ माणसाकडे येतो. केशवराव भोसले. जन्म ९ ऑगस्ट १८९०, कोल्हापूर. घरची गरिबी. लहानपणीच हा मुलगा जनुभाऊ निमकरांच्या स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाला. शाळेत बसायच्या वयात नाटक कंपनीच्या बिऱ्हाडात. मंडळींची पोरं कशी राहत, याचं वर्णन त्या काळच्या नटांच्या आठवणींतून भरपूर मिळतं. पंगतीत जेवायचं, तालमीला उभं राहायचं, मार खायचा, पाठांतर करायचं आणि गावोगाव फिरायचं. पालकांशी करार व्हायचा. मुलगा कंपनीचा, गळा कंपनीचा.

केशवराव गाजले ते शारदेच्या भूमिकेत. 'शारदा' तुम्हाला माहीत आहे. १८९९ सालचं देवलांचं नाटक, म्हाताऱ्या श्रीमंत नवऱ्याला पैशासाठी दिल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीचं. आता हा प्रसंग डोळ्यांपुढे आणा. बापानं विकायला काढलेल्या मुलीचं दुःख कोण गातंय? बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा, जो स्वतः गरिबीपायी एका मंडळीच्या स्वाधीन झालेला आहे. आम्हाला वाटतं की प्रेक्षक त्या गाण्याला रडत ते फक्त सुरांना नव्हे. अर्थात हे आमचं मत. त्या मुलाला स्वतःला काय वाटत होतं हे कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्यानं 'तालमीला उशीर होतोय' असंच काहीतरी सांगितलं असतं.

पुढे हा मुलगा वयात आला. आवाज उतरला असणारच, निसर्ग कोणाला सोडत नाही. पण केशवरावांचा आवाज उतरूनही वरच्या पट्टीत धारदार राहिला. ते बॅरिटोन नव्हते, हे त्या मुलाला आधीच सांगून टाकतो. तो कुठे बसलाय? हां, आहे. नव्हते रे ते. तुझ्या प्रश्नाचं सोपं उत्तर देता आलं असतं तर आम्ही दिलं असतं.

१ जानेवारी १९०८ रोजी हुबळीला केशवरावांनी ललितकलादर्श ही स्वतःची मंडळी स्थापन केली. वय वर्षं सतरा! आज सतराव्या वर्षी आपण मुलाला एकट्यानं एसटीनं पुण्याला पाठवत नाही. हुबळी का, असं कोणी विचारील. तेव्हा मराठी नाटकाचा मुलूख धारवाड, हुबळी, बेळगावपर्यंत पसरलेला होता, आणि हुबळी रेल्वेचं मोठं ठाणं. नाटक मंडळी म्हणजे पडदे, पेट्या, कपडे, भांडीकुंडी आणि पन्नास-साठ माणसं. हे सगळं आगगाडीच्या डब्यातून हलायचं. त्यामुळे गाडी जिथे नाही तिथे मंडळी जायला नाखूश असायची. आपलं महाड यात मार खाऊन गेलं. सावित्रीच्या खाडीतून दासगावपर्यंत गलबतं आणि बोटी येत, व्यापार चांगला होता, पण रेल्वे म्हणाल तर कोकण रेल्वे येईपर्यंत, म्हणजे विसाव्या शतकाच्या अगदी शेवटापर्यंत, आपल्याला वीर स्टेशन मिळायचं नव्हतं. महाड-पोलादपूरचा माणूस नाटक पाहायचा तो मुंबईत. गिरणीत नोकरी, चाळीत बिऱ्हाड आणि पिटातलं तिकीट. गावी येताना तो नाटकातल्या चाली घेऊन यायचा आणि त्या भजनात बसवायचा. आमच्या लहानपणी भजनात ज्या चाली ऐकल्या त्यांतल्या कितीतरी नाट्यपदांच्या होत्या, हे आम्हाला कॉलेजात गेल्यावर कळलं. आधी वाटायचं, नाटकवाल्यांनीच आमच्या बुवांच्या चाली चोरल्या.

असो. सतरा वर्षांच्या मुलानं मंडळी काढली याचं महत्त्व काय? गळा आता त्याचा स्वतःचा झाला. कोणती भूमिका करायची, कोणाचं नाटक घ्यायचं, गाणं कोणाकडून शिकायचं, हे तो ठरवू लागला. त्यानं गुरू केले रामकृष्णबुवा वझे. बुवा म्हणजे तब्येतीनं आणि स्वभावानं दणकट माणूस, गायकी पेचदार. पुढे दीनानाथ मंगेशकरही त्यांच्याकडे शिकले. नाटकातला गायक केवळ पदं म्हणणारा न राहता रागदारी पेलणारा झाला, यात बुवांचा हात मोठा. शिवाय एका कंपनीचा तरुण मालक दिवसभर हिशोब पाहून, रात्री प्रयोग करून, मधल्या वेळात शागीर्द म्हणून तंबोऱ्यापुढे बसतो, हे आम्हाला फार मोलाचं वाटतं.

सुरुवातीची वर्षं केशवराव स्त्री भूमिकाच करत राहिले. लोकांना तेच हवं होतं, तिकीट त्यावर खपायचं. वीर वामनराव जोश्यांच्या 'राक्षसी महत्त्वाकांक्षा'तली त्यांची मृणालिनी गाजली. इथेच अडचण होती. मालक झाला तरी गळ्याला गिऱ्हाईक मुलीचंच होतं. बालगंधर्वांनी या अडचणीचं सोनं केलं, ते पुढे साठीपर्यंत स्त्री भूमिका करत राहिले आणि त्यांची जादू ओसरली नाही. त्यांच्याबद्दल आम्हाला निस्सीम आदर आहे. पण केशवरावांनी दुसरी वाट धरली. मामा वरेरकरांची नाटकं घेतली. हुंड्यावरचं 'हाच मुलाचा बाप', आणि धर्मांतराचा प्रश्न मांडणारं, १९१९ सालचं 'संन्याशाचा संसार'. पुराण सोडून समोरच्या माणसाचं नाटक. आणि या काळात ते स्वतः पुरुष भूमिकांकडे वळले, स्त्री भूमिका बापूराव पेंढारकरांकडे गेल्या.

मंडळी, बालगंधर्व थोर की केशवराव, हा वाद आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत आणि आम्हाला त्याचा कंटाळा आहे. नारळ थोर की आंबा, असा तो वाद. प्रश्न वेगळा आहे. लोकप्रिय, खात्रीची, पैसे देणारी भूमिका तिशीच्या आत सोडून, पुरुषाच्या तोंडी गाणं कसं असावं हे शोधायला निघणं, याला काय म्हणायचं? मराठी संगीत नाटकात पुरुषांना पदं होती, पण रसिकांचा जीव अडकलेला असायचा नायिकेच्या गळ्यात. व्हेर्दीनं इटलीत जे काम एका मोठ्या परंपरेच्या बळावर केलं, म्हणजे वयात आलेल्या पुरुषाच्या आवाजाला नाटकाच्या मध्यभागी आणणं, ते इथे एक शाळा न झालेला तरुण स्वतःच्या जोखमीवर करू पाहत होता. तुलना पूर्ण जुळत नाही, आम्हाला ठाऊक आहे. त्याचा सूर तारात, यांचा मंद्रात. पण दोघांच्या पुढचा प्रश्न एकच होता, पोरपण संपल्यावर गळ्यानं काय सांगायचं?

त्याला एक मोठा आधार होता तो छत्रपती शाहू महाराजांचा. महाराजांनी १९१५ साली कोल्हापुरात पॅलेस थिएटर उभं केलं, शेजारी खासबागेचं कुस्तीचं मैदान. गाणं आणि कुस्ती भिंतीला भिंत लावून. दोन्हीकडे दम लागतो, हे महाराजांना बरोबर कळलं होतं. केशवरावांना 'संगीतसूर्य' म्हणू लागले. पदवी सूर्याची, आणि माणूस अजून पंचवीस-तिशीतला.

मग १९२१ साल. या सालावर आम्ही थोडा वेळ थांबणार आहोत.

त्या वर्षी ललितकलादर्शनं 'शहा शिवाजी' हे नाटक आणलं. नाटककार यशवंत नारायण टिपणीस. आडनाव ऐकल्याबरोबर पुढच्या रांगेत एकमेकांकडे पाहिलं गेलं ते आमच्या लक्षात आलं आहे. महाडात टिपणीस म्हटलं की सुरबानानांची आठवण आधी येणार, चवदार तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव ज्यांच्या काळात नगरपालिकेनं केला ते. १९२७च्या सत्याग्रहावर आपण स्वतंत्र व्याख्यान घेऊ, आज तिकडे वळलो तर परत येणं होणार नाही. तर 'शहा शिवाजी'त केशवरावांनी शिवाजी महाराजांची भूमिका केली. एकेकाळी शारदा होऊन उभा राहिलेला मुलगा आता छत्रपती म्हणून उभा. आपण बसलो आहोत त्या तालुक्यातच रायगड आहे, आणि पोलादपूरजवळच्या उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. आपल्याकडे शिवाजी महाराजांचा आवाज आपण ऐकला तो शाहिराच्या पोवाड्यातून, तिसऱ्या माणसाच्या तोंडून. 'महाराज असे बोलले' असं शाहीर सांगतो. रंगभूमीवर मात्र नटाला 'मी' म्हणावं लागतं. त्या 'मी'ला गळा कोणता द्यायचा? उंच, गोड, हरकतींनी नटलेला गळा राजाला शोभेल का? केशवरावांनी तो कसा लावला हे ऐकायला आज आपल्याकडे काही नाही. पण हा प्रश्न त्यांच्यासमोर उभा राहिला असणार, एवढं भूमिकेच्या नावावरूनच कळतं.

त्याच वर्षी ८ जुलैला मुंबईत 'संयुक्त मानापमान' झालं. प्रसंग असा की टिळक स्वराज्य फंडासाठी पैसा उभा करायचा होता. लोकमान्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी मंडळींनी एकत्र प्रयोग करायचं ठरवलं. खाडिलकरांचं 'मानापमान', १९११ सालचं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव. तिकिटाचे दर शंभर रुपयांपर्यंत गेले. १९२१ सालचे शंभर रुपये, गिरणी कामगाराच्या दोन-तीन महिन्यांच्या पगाराइतके! तरी लोकांनी गर्दी केली.

यातली भूमिकांची वाटणी पाहा. दहा-बारा वर्षांपूर्वी दोघेही नायिका होते. आता एक नायिका आणि एक नायक. लोक सामना बघायला आले होते. जाखडीच्या बारीला जसे येतात तसेच, कोण कोणाला उतरवतो ते बघायला. बालगंधर्वांचं माधुर्य घरंगळत येणारं, केशवरावांची तान चढाईची. पण आम्हाला त्यात दिसतं ते असं की मराठी रंगभूमीवर त्या रात्री बाईचा सूर आणि पुरुषाचा सूर बरोबरीनं समोरासमोर उभे होते, आणि रसिक दोघांनाही तितक्याच उत्सुकतेनं दाद द्यायला बसले होते. धैर्यधर हा गरीब सेनापती. श्रीमंताच्या लेकीनं गरिबीवरून हिणवलेला. त्या भूमिकेत तो गरिबाघरचा मुलगा उभा होता आणि समोर शंभर रुपयांच्या खुर्च्या.

त्यानंतर तीन महिने. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवराव विषमज्वरानं गेले. टायफॉइड. पाण्यातून, अन्नातून होणारा साधा आजार, पण तेव्हा त्यावर औषध नव्हतं. वय एकतीस. मघाशी म्हटलं ते वाक्य आठवा. ऑपेरात या वयाच्या बॅरिटोनला उगवता म्हणतात. आपल्याकडे या वयात लोकांनी त्याला सूर्य करून टाकलं होतं आणि तो मावळलाही. बालपणापासून हिशोब धरला तर वीस वर्षांची कारकीर्द. स्वतःच्या मालकीची तेरा. आणि पुरुष म्हणून गाण्याची त्याहून कितीतरी कमी. जे शोधायला ते निघाले होते त्याला त्यांच्या हातून किती वेळ मिळाला, याचा हिशोब केला की जीव हळहळतो.

मंडळी मात्र राहिली. बापूराव पेंढारकरांनी ती सावरली. १९२२ साली वरेरकरांचं 'सत्तेचे गुलाम' आणलं. बापूरावांनंतर त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर, आपले अण्णा, यांनी ललितकलादर्श पुन्हा उभी केली आणि शंभरी पार नेली. सतरा वर्षांच्या पोरानं हुबळीत काढलेली संस्था! २००८ साली तिची शताब्दी झाली.

आणि पॅलेस थिएटर, ज्याला पुढे केशवराव भोसले नाट्यगृह हे नाव मिळालं, ते ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री आगीत भस्मसात झालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. सकाळी कोल्हापूरकर रडत तिथे उभे होते, ती दृश्यं तुम्ही टीव्हीवर पाहिली असतील. आम्ही त्या नाट्यगृहात एकदाच गेलो होतो, एका परिषदेच्या निमित्तानं, आणि जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या रंगमंचाकडे पाहत बसलो होतो. तेव्हा कोणी आसपास नाही असं बघून एक सूर लावावासा वाटला होता. लावला नाही. ओठ हलवले.

आता त्या मुलाकडे वळतो आणि मग तुम्हाला मोकळं करतो. बाळा, तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर झालं. दुसरा प्रश्न, 'आपल्याकडे असतो का?' असतो. आत्ता या सभागृहात निम्मे पुरुष तेच आहेत. त्यांना कोणी तसं म्हणालं नाही इतकंच. भजनात तुला 'राहू दे' म्हटलं कारण पेटी लावलेली असते काळी चारला किंवा पाचला, आणि तिथे तुझा गळा आता पोचत नाही. वर्ष-दोन वर्षं तो आणखी डळमळेल. तोवर ओरडू नकोस, ताणू नकोस, पण गप्पही बसू नकोस. सकाळी खालच्या षड्जावर हळू बसत जा. शार्ङ्गदेवाचं मंद्रस्थान हृदयात आहे, घशात नाही. अर्थात आम्ही गवई नाही, तेव्हा चांगल्या गुरूकडे जा, मुंबईला जायची वेळ आली तर आम्ही ओळख काढू.

आणि बुवा, तुम्हीही आलेले दिसताय, तिसऱ्या रांगेत. रागावू नका. पोरानं तुमची तक्रार केलेली नाही, आम्हीच खोदून विचारलं. माघात तुमच्याकडे सप्ताह बसतो ना? सात दिवसांतल्या एका रात्रीपुरती पेटी काळी एकला उतरवून बघा. टाळकऱ्यांना दोन अभंग अवघड जातील, सवय नाही म्हणून. त्या रात्री आम्ही पोलादपूरला मुक्कामाला येतो. पुढे बसवू नका, मागे झांजवाल्यांजवळ जागा द्या, आणि आवाज निघालाच तर कोणी मागे वळून पाहू नका म्हणावं.

लाइट आली वाटतं. चला, चहा तयार आहे.